परवीन मिस्त्री वकीलीणबाई आणि आमची कोल्हापूर एजन्सी

आधीच सांगून टाकते, खून कुणी केला हे शेवटच्या पानाआधी ओळखण्यात ज्यांना मजा येते त्यांचं या पुस्तकांनी फारसं समाधान होणार नाही. मला दोन पुस्तकांत तर अर्ध्यातच वास आला होता. तरीपण सुजाता मॅसी यांच्या परवीन मिस्त्री सिरीजची पहिली चारही पुस्तकं मी एकामागून एक वाचून काढली, आणि आता घरी जो येईल त्याच्या हातात पहिलं पुस्तक कोंबते, मग म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकूया.

पुस्तकं इंग्रजीत आहेत पण इंग्रजी सोपं, डिक्शनरी घेऊन बसायला लागत नाही. क्रम असा - 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८), 'द सातापूर मूनस्टोन' (२०१९), 'द बॉम्बे प्रिन्स' (२०२१), 'द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाउस' (२०२३). काळ १९२१-२२ चा, मुंबई, आणि नायिका परवीन मिस्त्री म्हणजे दादर पारशी कॉलनीत राहणारी, ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेली, फोर्टमध्ये वडिलांच्या फर्ममध्ये सॉलिसिटर म्हणून बसणारी पोरगी. पोरगी म्हणजे तशी तेवीसेक वर्षांची, पण मागं एक मोडलेला संसार आहे, त्यावर येतेच.

आमची पुतणी इथंच कोल्हापुरात लॉ करते, तिला पहिलं पुस्तक दिलं तर दोन दिवसांनी तिचा फोन, "काकू, ही बाई वकील आहे म्हणता आणि कोर्टात उभारतच नाही की!" बरोबरच आहे, कशी उभारणार? मुंबई हायकोर्टात तेव्हा बाईला युक्तिवाद करायची परवानगीच नव्हती, त्यासाठीचा कायदा आला १९२३ साली. तोवर परवीनने काय करायचं तर करारपत्रं, मृत्युपत्रं, प्रॉपर्टीचे कागद, ऑफिसातली कामं. आता आपल्याकडं हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सीपीआर हॉस्पिटलसमोर सकाळी काळ्या कोटातल्या बायका-पोरी नुसत्या लगबगीनं चाललेल्या दिसतात, त्या पार्श्वभूमीवर हे वाचताना जरा गंमतच वाटते.

आणि मला जी गोष्ट या सिरीजमध्ये सगळ्यात आवडली ती हीच आहे. परवीन काही फार अचाट बुद्धीची वगैरे दाखवलेली नाही, सिगारेटच्या राखेवरून माणसाचं गाव ओळखणारी नाही. तिला कोर्टाचं दार बंद आहे, पण दुसरं एक दार फक्त तिलाच उघडं आहे, जिथं पोलीस जाऊ शकत नाहीत, जज जाऊ शकत नाही, तिचे नावाजलेले वडीलसुद्धा जाऊ शकत नाहीत. जनाना. पडद्याआडच्या बायका परक्या पुरुषाशी बोलतच नाहीत, मग त्यांचं म्हणणं ऐकून घेणार कोण? केस सुटते ती तिला आत जाता येतं म्हणून सुटते. असा डिटेक्टिव्ह बनवायला लेखिकेला काही ओढूनताणून करावं लागलेलं नाही, त्या काळानंच तो बनवलाय.

पहिल्या पुस्तकात हे एकदम फिट्ट बसलंय. ओमर फरीद नावाचे मोठे गिरणीमालक वारतात, मलबार हिलवर बंगला, तीन विधवा, तिघी पडद्यात. तिघींनी आपला मेहर (लग्नात नवऱ्यानं बायकोला कबूल केलेली रक्कम किंवा मालमत्ता) वक्फला, म्हणजे धर्मादायाला, देऊन टाकला असं पत्र वकिलांकडं येतं. परवीन ते बघते आणि तिथंच थांबते, कारण एकीनं तर सहीच्या जागी नुसती फुली मारलीय. मग हिला वाचता तरी येतं का, आणि येत नसेल तर कशावर फुली मारतोय हे तिला कुणी सांगितलं? बास, एवढ्यावर पुस्तक सुरू होतं. मला तर हे दहा खुनांपेक्षा भारी वाटलं. पुतणीनं त्यात भर घातली की गोषातल्या बाईची सही असेल तर तिला मजकूर समजला होता हे सिद्ध करायची जबाबदारी त्या कागदाचा फायदा घेणाऱ्यावर असते, हे तत्त्व इंग्रजांच्या काळातल्या कोर्टांपासून चालत आलंय. शिवाय मुलंबाळं असतील तर नवऱ्याच्या इस्टेटीत सगळ्या विधवांना मिळून आठवा हिस्सा, म्हणजे तिघी असतील तर त्या आठव्याचे तीन वाटे, त्यामुळं मेहर हा बाईचा खरा आधार. तो कुणी सहज सोडेल का? प्रॉपर्टीच्या कागदावर बहिणींच्या सह्या घेताना काय काय चालतं ते आपल्याकडं तलाठी ऑफिसच्या बाहेर अर्धा तास उभारलं तरी कळतं, त्यामुळं १९२१ ची गोष्ट आहे असं वाटतच नाही.

पहिल्या पुस्तकाचा दुसरा धागा १९१६-१७ मधला, परवीनच्या लग्नाचा. मुंबईच्या लॉ स्कूलमध्ये ही एकटी मुलगी, वर्गातली पोरं तिला नको नको करून सोडतात, तेवढ्यात कलकत्त्याचा देखणा सायरस सोडावाला भेटतो आणि ही प्रेमात पडून लग्न करून तिकडं जाते. सासरी पाळीच्या वेळी वेगळ्या खोलीत कोंडून ठेवायचे, तेही अंघोळीशिवाय, ते प्रकरण वाचताना माझ्या अंगावर काटा आला. सासूबाईंना मी हे तेवढंच मराठीत सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्यात पण बाजूला बसायचं होतंच की गं, पण चार दिवसांनी न्हाऊन मोकळं. हे काय जनावरासारखं!" पुढं मारहाण, आणि मग सुटका करून घ्यायला गेल्यावर कळतं की १८६५ च्या पारशी विवाह कायद्याप्रमाणं बाईला घटस्फोट मिळणं महाकठीण. नवरा वेश्येकडं जातो हे कारणच धरत नाहीत. शेवटी कोर्टानं नुसतं वेगळं राहायला परवानगी दिली, म्हणजे नवरा नाही पण लग्न आहे, दुसरं लग्न करायची सोय नाही. ही पाचर पुढच्या प्रत्येक पुस्तकात तिच्या डोक्यावर आहे. कायदा नंतर सुधारला, १९३६ ला, पण तिच्या काय उपयोगाचा.

इथं एक गोष्ट आपल्या लोकांनी विसरू नये म्हणून सांगते. याच काळात आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला पुनर्विवाहाचा आणि १९१९ ला बायकांना क्रूर वागणूक देण्याविरुद्धचा कायदा केलेला होता. परवीन कोल्हापूर संस्थानात जन्मली असती तर काय झालं असतं असा विचार मी उगीचच करत बसले.

परवीन हे पात्र हवेतून आलेलं नाही. लेखिकेनं कॉर्नेलिया सोराबजी आणि मिठाण टाटा या दोघींवरून प्रेरणा घेतलीय. मिठाण टाटा, लग्नानंतरच्या लाम, या मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला बॅरिस्टर. आणि सोराबजी तर आपल्या नाशिकच्या, जन्म १८६६, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. नंतर ऑक्सफर्डला कायदा शिकल्या, १८९२ ला परीक्षा दिली आणि पदवी हातात पडली १९२२ ला. तीस वर्षांनी! मधल्या काळात त्यांनी बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडं पडद्यातल्या विधवा आणि अनाथ वारसदारांच्या शेकडो केसेस बघितल्या. शाळेच्या पुस्तकात या बाईवर एक ओळ तरी होती का? मला तर आठवत नाही.

आता दुसरं पुस्तक, ज्याच्यासाठी खरं म्हणजे मी ही सिरीज हातात घेतली होती. 'सातापूर मूनस्टोन' सह्याद्रीतल्या एका छोट्या संस्थानात घडतं, आणि परवीनला तिकडं कामाला लावते कोण, तर कोल्हापूर एजन्सी, म्हणजे इथल्या संस्थानांवर नजर ठेवणारी इंग्रजांची कचेरी! सातापूर हे काल्पनिक आहे, नकाशात शोधायला जाऊ नका. महाराज आजारानं गेले, पाठोपाठ थोरला मुलगा शिकारीत गेला, आता गादीवर लहान पोरगं. आजी म्हणते नातू राजवाड्यातच शिकेल, आई म्हणते इंग्लंडला पाठवा. दोघी सासवा-सुना पडद्यात, इंग्रज एजंटाशी बोलणार नाहीत, मग पाठवा परवीनला. पावसाळी दिवस, रस्ते बंद, बाई पालखीत बसून रान तुडवत राजवाड्यावर जाते. त्या प्रवासाचं वर्णन फर्स्ट क्लास आहे. गगनबावड्याला किंवा आंबा घाटात भर पावसात एकदा तरी गेलेल्या माणसाला ते धुकं, ती चिकट ओल, भोयांचे घसरणारे पाय सगळं अंगावर येतं. एजंट कॉलिन सँडरिंगहॅम हा एक पाय कृत्रिम असलेला, जरा लाजरा, पुस्तकी साहेब, त्याचं आणि परवीनचं जे काही हळूहळू सुरू होतं ते पण छान, आरडाओरडा नाही.

पण कोल्हापूरकर म्हणून माझी तक्रार आहे, आणि ती मी मांडणारच. एजन्सी कोल्हापूरची, पण पुस्तकात कोल्हापूर कुठंय? १९२१ साल म्हणजे इथं काय काय चाललं होतं! सत्यशोधक, ब्राह्मणेतर चळवळ, वेदोक्ताचा वाद होऊन वीस वर्षं झाली तरी त्याची धग होतीच, वसतिगृहं, सक्तीचं शिक्षण, तालमी. यातली एकसुद्धा झुळूक सातापुरात पोचत नाही. राजवाडा आहे, पण तो राजस्थानात नेऊन ठेवला तरी फार फरक पडणार नाही. राण्यांच्या बोलण्यात मराठा घराण्याचा ठसका पाहिजे होता, ती आजीबाई करारी आहे पण आमच्याकडच्या कुठल्याही पाटलीणबाई तिच्यापेक्षा दोन शब्दांत माणसाला गार करतील.

शिवाय खरं सांगू का, आमच्या खऱ्या इतिहासापुढं हे रहस्य फिकं पडतं. गादीवर लहान पोर आणि मागं इंग्रज एजंट, ही इथं एकदा नाही, परत परत घडलेली गोष्ट आहे. राजाराम महाराज १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, मग दत्तक आले चौथे शिवाजी महाराज, लहान मूल. पुढं इंग्रजांनी त्यांना वेडं ठरवलं, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं आणि १८८३ च्या डिसेंबरात ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन ते गेले. विशीतला राजा! त्याआधीच कारभारी बर्वे महाराजांचा छळ करतात म्हणून 'केसरी' आणि 'मराठा'त छापून आलं, बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि ज्या पत्रांच्या जोरावर हे सगळं छापलं ती पत्रं कोर्टात खोटी ठरली. टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. आता मला सांगा, वेडा ठरवलेला राजा, बनावट पत्रं, कारभारी, किल्ल्यातला संशयास्पद मृत्यू, ही केस परवीनला द्यायला नको होती? ती बनावट पत्रं ज्या घरातून निघाली तिथल्या बायकांना काय काय माहीत असेल, त्यांना कुणी विचारलं?

आणि शिकारीतला मृत्यू. पुस्तकात ते वाचलं तेव्हा मी पान उलटायची थांबले. शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी १९१८ ला शिकारीतच अपघातात गेले. मागं राहिल्या इंदुमतीदेवी, जेमतेम बारा वर्षांच्या. घरातल्यांचा विरोध असून महाराजांनी या सुनेला कोल्हापूरजवळ सोनतळीला ठेवून शिकवलं. मुलाचं दुःख पोटात ठेवून सुनेच्या हातात पुस्तक देणारा सासरा, तोही राजा, तोही त्या काळात. लेखिकेला हे माहीत होतं की नाही देव जाणे, पण सातापूरच्या धाकट्या राणीपेक्षा मला इंदुमतीदेवी जास्त दिसत राहिल्या. अजून एक, राजपुत्रानं शिकायचं कुठं हा पुस्तकातला वाद पण इथला ओळखीचा. शाहू महाराज स्वतः १८८४ ला दत्तक आले, मग राजकोटचं राजकुमार कॉलेज, मग धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली, आणि १८९४ ला अधिकार हातात. म्हणजे नवा राजवाडा बघायला पाहुणे आले की आपण त्यांना पेंढा भरलेले वाघ दाखवतो, पण त्या भिंतींच्या आत पोरवयाच्या राजांवर काय काय गेलंय ते सांगत नाही.

एवढं बोलले म्हणून दुसरं पुस्तक वाईट असं समजू नका. वाचाच. फक्त कोल्हापूर भेटेल ही अपेक्षा बाजूला ठेवून वाचा.

तिसरं, 'बॉम्बे प्रिन्स', माझ्या मते गुन्ह्याच्या दृष्टीनं सगळ्यात घट्ट. नोव्हेंबर १९२१, प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरतो, काँग्रेसचा बहिष्कार, आणि मिरवणूक चालू असताना एक पारशी कॉलेजकन्या मरून पडते, जी थोड्याच दिवसांपूर्वी परवीनकडं सल्ला विचारायला आलेली असते की मिरवणुकीला गेलंच पाहिजे का. बाहेर दंगल पेटलेली, ती दंगल खरोखर झालेली आहे, स्वागताला गेलेल्या पारशांवर हल्ले झाले, गांधीजींनी उपवास धरला. परवीन दोन्हीकडून कात्रीत, स्वतः पारशी आणि मनातनं स्वातंत्र्याच्या बाजूची. आणि आपल्यासाठी गंमत अशी की मुंबईत हे सगळं चालू असताना तोच प्रिन्स १९ नोव्हेंबरला पुण्यात येऊन शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवतो, ते कुणाच्या बोलावण्यावरून तर शाहू महाराजांच्या. एकाच पाहुण्याच्या दोन तऱ्हा. पुस्तक मुंबईतच राहतं, पण आपण वाचताना पुण्याचं तिकीट काढून मोकळे होतो.

चौथं जरा पसरलंय. सुनंदा नावाची आया, मालकांच्या घरातल्या लहान मुलाला आगीतून वाचवते आणि थोड्याच दिवसांत गर्भपाताच्या आरोपाखाली पोलीस तिलाच उचलतात. विषय जबरदस्त आहे, सुनंदाचं पात्र पण जीव लावणारं, पण मध्येच बायकांच्या हॉस्पिटलसाठी देणग्या, घरचं बाळंतपण, वहिनीची उदासी, एवढं सगळं कोंबलंय की मूळ धागा सुटतो. वहिनी गुलनाझचं बाळंतपणानंतर जे होतं ते मात्र फार खरं लिहिलंय. आपल्याकडं त्याला "बाहेरचं काहीतरी लागलं" म्हणून मोकळे होतात.

तक्रारी अजून आहेत. लेखिका अमेरिकेत वाढलेली, त्यामुळं परदेशी वाचकाला समजावं म्हणून साडी म्हणजे काय, आया म्हणजे काय असं मध्ये मध्ये सांगत बसते, तिथं आपल्याला जांभई येते. परवीनची इंग्रज मैत्रीण ॲलिस मला आवडते, गणितवाली, बिनधास्त, पण कधी कधी अडलं की साहेबाची पोरगी म्हणून तिच्याकडनं दार उघडून घ्यायचं हे जरा जास्तच सोयीचं होतं. आणि परवीन स्वतः वकील असून एकटीच धोक्याच्या जागी जाते, कुणाला सांगत नाही, हे प्रत्येक पुस्तकात. प्रत्येक! पुतणी म्हणते, "काकू, तेवढं नसेल तर पुस्तक संपंल की सत्तराव्या पानावर." असंल बाबा.

पण मिस्त्री कुटुंब लई गोड आहे. वडील जमशेदजी पोरीवर विश्वास टाकतात आणि तरी काळजीनं कुरकुरतात, आई कमेलिया समाजसेवेत, नोकर मुस्तफा ऑफिस सांभाळणारा. खाण्याची वर्णनं तर अशी की रात्री वाचायला बसलात तर शेजारी काहीतरी ठेवूनच बसा.

कुणी घ्यावी? ज्यांना जुनी मुंबई, कायदा, बायकांच्या हक्काचे विषय आवडतात त्यांनी डोळे झाकून. कॉलेजच्या पोरींना भेट द्यायला तर मस्तच, लॉ करणाऱ्यांना तर नक्कीच. लहान मुलांना नको, पहिल्या पुस्तकातले लग्नानंतरचे प्रसंग आणि चौथ्याचा विषय झेपणारा नाही. पहिल्याला पाचपैकी साडेचार, तिसऱ्याला चार, दुसऱ्याला साडेतीन (त्यातला अर्धा पावसाला), चौथ्याला तीन. पहिल्याला अमेरिकेत अगाथा, मेरी हिगिन्स क्लार्क असे पुरस्कार मिळालेत, आणि ते योग्यच आहेत.

सुरुवात दुसऱ्यापासून करू नका, कोल्हापूरचं नाव बघून हात तिकडंच जाईल, पण सायरस सोडावालाची भानगड माहीत नसेल तर परवीन कॉलिनपासून चार हात लांब का राहते ते कळणारच नाही. आणि ऑर्डर करताना एक बघा, पहिल्या पुस्तकाच्या भारतातल्या आवृत्तीवर नाव वेगळं आहे, 'विडोज'च्या जागी 'मर्डर' आहे, मलबार हिल तेवढं तेच. एकच पुस्तक आहे ते, दोन मागवू नका.